वाढप्याला चष्मा होता का?

चंद्रशेखर आजगावकरांना त्या दिवसातलं जवळजवळ सगळं आठवतं. दुकानाच्या दारावरची घंटा आठवते, फ्रीझर उघडल्यावर पायांवर उतरलेला गारवा आठवतो, नारळाच्या दुधात शिजलेल्या अळूची चव तर अजून जिभेवर आहे. फक्त एक गोष्ट काही केल्या आठवत नाही. तिथे जो वाढपी होता, त्याला चष्मा होता की नव्हता?

आता वाढप्याला चष्मा असला काय नि नसला काय, जगाचं काय अडणार आहे, असं कुणीही म्हणेल. त्यांच्या पत्नी, सुप्रभाताई, तर तसंच म्हणाल्या. पण चंद्रशेखरराव पडले संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. शंभरातल्या पाच वेळा आपण चुकत असणार, हे धरूनच त्यांनी आयुष्यभर तोंड उघडलं. (लग्नालासुद्धा त्यांनी 'बहुधा हो' असं उत्तर दिलं होतं. सुप्रभाताई ते विसरलेल्या नाहीत.) अशा माणसाची एक आठवण अर्धवट राहिली, की त्याला बाकीच्या सगळ्याच आठवणींचा संशय येऊ लागतो.

तेव्हा दोघं नवराबायको पुण्याहून लेकीकडे राहायला टोकियोत आली होती. लेक दीप्ती आणि जावई जयेश, दोघंही आयटीतले, घर निशी-कसाईला. दीप्तीने वडिलांना विमानतळावर उतरवून घेतलं ते नाजूक पार्सल घ्यावं तसं, आणि पुढेही पार्सलासारखंच वागवलं. "बाबा, इथे उभे राहा." "बाबा, हे धरा." "बाबा, कशाला हात लावू नका." गळ्यात अडकवायला एक प्लास्टिकचं कार्ड दिलं होतं, वर सगळा जपानी मजकूर. एके दिवशी त्यांनी नातीकडून, म्हणजे पूर्वीकडून, तो वाचून घेतला. 'हे आजोबा हरवलेले आहेत. कृपया खालील पत्त्यावर आणून सोडावे.' म्हणजे हरवायच्या आधीच हरवल्याचा दाखला!

तशी एक जबाबदारी त्यांना सुरुवातीला मिळाली होती. कचरा खाली नेऊन ठेवण्याची. त्यांनी जळणाऱ्या कचऱ्याच्या दिवशी बाटल्या नेऊन ठेवल्या. खालच्या मजल्यावरच्या बाई ती पिशवी दोन्ही हातांवर घेऊन, कंबरेत वाकून, प्रसाद द्यावा तशी परत देऊन गेल्या. त्या दिवसापासून चंद्रशेखररावांच्या वाट्याला फक्त सोफा आला.

अशात सुप्रभाताईंचा पासष्टावा वाढदिवस आला. दीप्तीने शनिवारी संध्याकाळी पार्टी ठरवली. तिच्या ऑफिसचे साहेब मोरिता-सान आणि त्यांची पत्नी, शेजारची मंडळी, जयेशचे दोन मित्र.

"आई, केक कुठला सांगू?"

"केक नको गं. मला केळीच्या पानावर जेवायचंय. आणि उकडीचे मोदक करीन मी. ओल्या खोबऱ्याचे."

बाई चाळीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागत होती. दीप्तीने लगेच इंडियन दुकानांना फोन सुरू केले, आणि शनिवारी सकाळपर्यंत तिचा चेहरा उतरला.

"पानं संपली. सगळीकडची. खोबरंही संपलं."

"टोकियोतलं?" जयेशने विचारलं.

"ओणम आहे रे! समस्त केरळ येऊन पानं उचलून गेलाय."

पूर्वी टीव्हीसमोर बसली होती. तिने मान न वळवता जपानीत काहीतरी सांगितलं. मराठी तिला सगळं कळत असे, पण उत्तर द्यायची भाषा तिची वेगळी होती.

"काय म्हणते?"

"तिच्या वर्गातल्या मुलीच्या आईचं दुकान आहे म्हणे. फिलिपिन्सची आहे ती. तिच्याकडे पानं असतात, खोबरंही. दोन स्टेशनं पुढे, उरायासुला." दीप्तीने घड्याळाकडे पाहिलं. "पण जाणार कोण? जयेश, तुला खुर्च्या आणायच्यात. मी इथून हलू शकत नाही."

तेवढ्यात सोफ्यावरून आवाज आला, "मी जातो."

तिघांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू सोफाच बोलला.

"बाबा, नक्की?"

"बहुधा," चंद्रशेखरराव म्हणाले, मग सुप्रभाताईंकडे पाहिलं आणि दुरुस्ती केली, "नक्की."

"पानं आणि खोबरं. एवढंच. दुसरं काही नाही. दुपारपर्यंत परत या. आणि बाहेर काही खाऊ नका, संध्याकाळी जेवण आहे. कार्ड घातलंय ना?"

कार्ड घातलं होतं. शर्टाच्या आत.

आणि सांगायला आनंद वाटतो, की चंद्रशेखरराव अजिबात चुकले नाहीत. बरोबर गाडीत बसले, बरोबर स्टेशनावर उतरले, डबा सोडताना छत्रीसुद्धा विसरले नाहीत. दुकान सापडलं तेव्हा त्यांची छाती अशी फुगली होती, की आतलं कार्ड बाहेरून दिसावं.

दार ढकललं, घंटा वाजली, आणि त्यांच्या नाकात वास शिरला. जपानात आल्यापासून वास नावाची वस्तू त्यांना भेटलीच नव्हती. इथे सुकी मासळी होती, चिंच होती, पिकलेला फणस होता. फ्रीझरमध्ये शेवग्याचा पाला, केळफूल, आंबट बिंबलं. वेंगुर्ल्याचा बाजार कुणीतरी उचलून, नीट गोठवून, काचेखाली ठेवला होता! आजगावकर मूळचे तिकडचेच. त्यांना गहिवरून आलं. त्यांनी स्वतःच्या हाताने केळीच्या पानांची पाकिटं शोधली, खवलेल्या खोबऱ्याची शोधली, आणि विजयी वीरासारखे काउंटरकडे निघाले.

काउंटरवर कुणी नव्हतं. मागे मण्यांचा पडदा होता, त्यापलीकडे माणसांचा आवाज. त्यांनी पडद्यातून डोकावून पाहिलं. लांबलचक टेबल, त्यावर जेवणाचा थाट, आणि भोवती वीसेक माणसं, म्हातारी-कोतारी, पोरंबाळं, सगळी उभी. कुणी जेवत नव्हतं. टेबलाच्या टोकाला एकच खुर्ची, तिच्यावर पांढरी उशी.

"या सर, या! जेवायला या!" दुकानाची मालकीण, मारिसेल, पुढे आली. इंग्रजी झकास बोलत होती. "आज माझ्या आईचा वाढदिवस आहे."

"वाढदिवस? आज माझ्या बायकोचाही आहे!"

ही बातमी तिथे अशी पसरली, की दोन देशांत सोयरीक जुळली असावी. मारिसेलने त्यांच्या हातातली पाकिटं काढून घेतली. "वितळतील. मी फ्रीझरमध्ये ठेवते. या, बसा, खा."

दीप्तीचे शब्द चंद्रशेखररावांना आठवले नाहीत असं नाही. पण वाढदिवसाच्या घरी पानावर कुणी बोलावलं, आणि आपण 'नको' म्हणून निघालो, तर आपल्यावर संस्कार काय झाले? घासभर खावं, उठावं. बसायचं कुठे, हाही प्रश्न नव्हता. एवढी माणसं उभी आणि खुर्ची एकच, म्हणजे ती वडीलधाऱ्यासाठी सोडलेली असणार. तिथे त्यांच्याहून वडील दिसत होती ती फक्त उत्सवमूर्ती आजी, आणि ती शेजारच्या स्टुलावर आधीच बसली होती. चंद्रशेखरराव खुर्चीवर बसले.

खोलीत एकदम शांतता झाली. (केवढा हा आदर, त्यांना वाटलं. पुण्यात बसमध्येसुद्धा कुणी उठत नाही.)

समोर ताट आलं. चंद्रशेखररावांनी सवयीप्रमाणे उजव्या ओंजळीत पाणी घेतलं, ताटाभोवती फिरवलं, पाच शितं बाजूला काढली, डोळे मिटले आणि जेवणाआधीचा श्लोक म्हटला. आवाज त्यांचा पहिल्यापासून चांगला, वर्गात मागच्या बाकापर्यंत जाणारा. श्लोक संपला तेव्हा वीस माणसं एका सुरात म्हणाली, "आमेन." आणि सगळ्यांनी ताटं उचलली.

किती सहिष्णू लोक! चंद्रशेखररावांनी मनात नोंद केली आणि पहिला घास घेतला.

त्यानंतरचं वर्णन करताना ते अजून आवंढा गिळतात. नारळाच्या दुधातलं अळू, त्यात सुकट. चिंचेच्या आंबट रश्श्यात मासा. तांदळाच्या शेवया. इडलीची सख्खी मावसबहीण शोभेल असा पांढरा वाफवलेला गोड केक. केळीच्या पानात गुंडाळून उकडलेला चिकट भात. घासभर म्हणता म्हणता ताट स्वच्छ झालं. ताटात टाकायचं नाही, ही आईची शिकवण. लहानपणी त्यांचं ताट बघून दारचं कुत्रं निराश होऊन जात असे.

ताट स्वच्छ झालेलं पाहताच शेजारच्या आजीने, जिला सगळे लोला म्हणत होते, भाताचा डोंगर परत उभा केला. चंद्रशेखररावांनी तोही सपाट केला. लोलाचे डोळे पाणावले. बिचारा किती दिवसांचा उपाशी! तिने तिसरा डोंगर रचला. आता टाकायचं कसं? वाढदिवसाची म्हातारी, तिच्या हातचं अन्न! त्यांनी पट्टा एक भोक सैल केला आणि चढाई सुरू केली.

याच सुमारास कधीतरी तो वाढपी आला. उशिरा आला होता. दारातच मारिसेल घाईघाईने त्याच्या कानाशी लागली. लोलाने ओठांवर बोट ठेवलं. कानउघाडणी झाली असणार. पण माणूस खेळकर. हसला, कुणीतरी दिलेला एप्रन चढवला आणि हातात डाव घेऊन थेट चंद्रशेखररावांपाशी आला. जेवताना माणूस वाढप्याच्या तोंडाकडे बघत नाही, हाताकडे बघतो, आणि हातापेक्षाही डावाकडे. त्यामुळे तोंडाविषयी त्यांना फारसं सांगता येत नाही. शर्ट काळा होता. हात स्वच्छ होते.

"पाणी आणता?" चंद्रशेखररावांनी विचारलं. त्याने आणलं.

"थोडं मीठ?" त्याने मीठ आणलं आणि ताटात उजवीकडे वाढलं.

"अंहं. मीठ डावीकडे," चंद्रशेखररावांतला प्राध्यापक जागा झाला. "डावीकडे मीठ, मग लिंबू, मग चटणी. उजवीकडे भाजी. वाढण्याचं एक शास्त्र असतं."

"मला माहीत नव्हतं, सर," तो नम्रपणे म्हणाला आणि मीठ डावीकडे वाढलं.

"शिकाल हळूहळू. हात चांगला आहे तुमचा. आमच्याकडे लग्नात वाढायला आलात तर नाव काढाल."

त्यावर सगळी खोली हसली. मनमोकळं वातावरण होतं एकूण.

शेवटी मारिसेललाच दया आली. "सर, ताटात थोडं ठेवा. ताट रिकामं दिसलं, की लोला समजते पाहुण्याचं पोट भरलं नाही. ती थांबणारच नाही."

चंद्रशेखररावांनी डोळे मिटून, आईची मनातल्या मनात क्षमा मागून, भाताची चार शितं ताटात ठेवली. लोलाने डाव खाली ठेवला.

ते उठले. (दोन जणांनी उठवलं.) निघताना चार चांगले शब्द बोलायला हवेत. आणि पुण्याचा माणूस निरोप घेताना जे बोलतो, तेच ते बोलले, "आता तुम्ही यायचं आमच्याकडे. आजच या, संध्याकाळी पार्टी आहे!"

पुण्यात याचं उत्तर ठरलेलं असतं: 'हो हो, येऊ की कधीतरी.' मारिसेलने मात्र विचारलं, "किती वाजता?"

"सहाला," ते म्हणाले.

"सगळे?"

"सगळे! म्हणजे काय!" आणि पत्ता सांगता येईना म्हणून त्यांनी शर्टाच्या आतून कार्ड काढून दाखवलं. मारिसेलने त्याचा फोटो काढला. त्यावरचा मजकूर वाचून तिने पुन्हा एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि एका पोराला स्टेशनपर्यंत सोबत पाठवलं.

लोलाने दोन पिशव्या भरून खाणं बांधून दिलं होतं. दोन्ही हातांना ओझं, पोटात तिसरं. गाडीत त्यांना डुलकी लागली, तरी बरोबर स्टेशनावर जाग आली. घरी पोहोचले ते सिकंदराच्या थाटात. पिशव्या ओट्यावर ठेवल्या.

दीप्तीने एकेक डबा उघडला. शेवया. पांढरे केक. चिकट भात. आणखी शेवया.

"बाबा, पानं?"

चंद्रशेखररावांच्या डोळ्यांसमोर फ्रीझरची काच आली.

"खोबरं?"

तेही काचेमागेच होतं.

"बाबा, दोन वस्तू सांगितल्या होत्या. दोन! आणि हे काय आहे? तुम्ही जेवून आलात?"

"घासभर," ते म्हणाले, आणि नेमकी त्याच वेळी ढेकर आली.

"फोन नंबर आहे दुकानाचा?"

नव्हता. नातीची ती वर्गमैत्रीण फोन उचलत नव्हती.

"मी परत जाऊन येतो."

"नको! बाबा, तुम्ही बसा."

ते सोफ्यावर बसले. तांदळाची उकड परातीत तयार होती. तिच्यावर सुप्रभाताईंनी ओलं फडकं झाकलं. "असू दे गं दीप्ती. पुन्हा कधी करू मोदक. प्लेटमध्ये जेवलं म्हणून काय बिघडतं?" असं म्हणून त्या कागदी प्लेटी मोजायला लागल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या समजूतदारपणे बोलल्या, आणि चंद्रशेखररावांना वाटलं, त्या तिसऱ्या डोंगराखाली आपण गाडले गेलो असतो तर बरं.

त्यातून एक गोष्ट अजून सांगायची राहिलीच होती. आपण वीस माणसांना बोलावून आलो आहोत. सांगावं का? त्यांनी हिशेब केला. निघतानाच्या आमंत्रणाला खरंच कुणी येतं का? पासष्ट वर्षांच्या अनुभवात एकदाही नाही. म्हणजे कुणी न येण्याची शक्यता शंभरात पंच्याण्णव. ते गप्प बसले.

पाच वाजायच्या आत बेल वाजली.

दारात मारिसेल होती. तिच्या मागे लोला, लोलामागे दोन काका, तीन मावश्या, आणि जिन्यापर्यंत पोरं. "सर, तुम्ही सामान विसरलात. म्हटलं लवकरच जाऊ, मदतही होईल." काकांच्या हातात केळीच्या पानांची आठ पाकिटं होती. मावश्यांकडे खोबरं. आणि पानं कमी पडतील म्हणून आणखी पानं.

दीप्तीने वडिलांकडे पाहिलं. "बाबा, ह्यांना तुम्ही बोलावलंत?"

"बहुधा," चंद्रशेखरराव म्हणाले.

पुढच्या तासाभरात त्या छोट्या स्वयंपाकघरात काय झालं, ते शब्दांत सांगणं कठीण आहे, कारण तिथे शब्द नव्हतेच. लोलाने परातीवरचं फडकं उचललं, उकड चिमटीत धरून पाहिली आणि पसंतीची मान हलवली. खोबरं आणि गूळ कढईत पडलं. सुप्रभाताईंनी पहिला मोदक वळून दाखवला. लोलाने दुसरा वळला. तिसरा लोलाचा मोदक सुप्रभाताईंच्या मोदकापेक्षा सुबक झाला, तेव्हा सुप्रभाताईंनी पदर खोचला. मग मोदकांना मोजदाद राहिली नाही. जयेशने भाड्याच्या खुर्च्या परत गॅलरीत रचल्या आणि चटया अंथरल्या. मोरिता-सान मांडी घालून केळीच्या पानापुढे बसले, पानावर पाणी शिंपडायचं कसं ते पूर्वीने त्यांना दाखवलं, आणि दाखवता दाखवता ती सगळ्यांदेखत मराठीत ओरडली, "आजी, मोदक! आधी मला!"

"तो तुमचा वाढपी नाही आला?" चंद्रशेखररावांनी मारिसेलला विचारलं. "चांगला माणूस होता."

"शनिवारी संध्याकाळी त्याला काम असतं, सर," मारिसेल म्हणाली, आणि तिला खोकला आला.

असेल दुसरीकडे कुठे ऑर्डर, ते समजून गेले.

पंगतीत लोला त्यांच्या डाव्या हाताला बसली आणि सुप्रभाताई उजव्या. त्यांच्या पानावर पाच मोदक होते. पान स्वच्छ केलं तर डावीकडून आणखी पाच येणार. टाकलं तर उजवीकडून काय येईल, ते चाळीस वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं. चंद्रशेखररावांनी अडीच मोदक खाल्ले आणि उरलेले अडीच बराच वेळ, अत्यंत आदराने, न्याहाळत बसले. शेवटी ते पूर्वीने पळवले.

रात्री सुप्रभाताई म्हणाल्या, "अहो, पुण्यात केला असता वाढदिवस, तर एवढी माणसं आली असती का?" आणि थोड्या वेळाने, "बरं झालं विसरलात."

दुसऱ्या दिवशी सकाळी दीप्ती म्हणाली, "बाबा, कचरा तुम्ही ठेवता का खाली? आज प्लास्टिकचा वार आहे." त्यांनी शर्टाच्या आतलं कार्ड काढून खुंटीला अडकवलं आणि पिशवी उचलली.

चार वर्षांनी ती दोघं पुन्हा निशी-कसाईला गेली. लोलाची ऐंशी पूर्ण होत होती, आणि या वेळी रीतसर आमंत्रण होतं. उरायासुच्या दुकानात, मण्यांच्या पडद्यापलीकडे, भिंतीवर फ्रेममध्ये एक फोटो लावलेला होता. मधोमध चंद्रशेखरराव, भाताच्या डोंगरामागे. शेजारी एप्रन घातलेला माणूस वाकून त्यांच्या ताटात डावीकडे मीठ वाढतो आहे. एप्रनच्या वर त्याच्या गळ्याशी पाद्री लोक घालतात ती पांढरी पट्टी.

"हा तुमचा वाढपी..." त्यांनी सुरुवात केली.

"फादर रेनाल्दो," मारिसेल म्हणाली. "चर्चमधून येणार होते, प्रार्थना म्हणायला. गाडी चुकली. आम्ही सगळे त्यांच्यासाठी थांबलो होतो. तुम्ही त्यांच्या खुर्चीवर बसलात, पाणी शिंपडलंत, एवढी सुंदर प्रार्थना म्हटलीत; लोला म्हणाली, देवाने इंडियाहून पाठवला. मग फादर आले. त्यांना म्हटलं उठवू का सरांना, तर म्हणाले, जेवणाऱ्याला उठवायचं नसतं, मी वाढतो. सगळ्यांचं झाल्यावर ते फ्रीझरपाशी, तांदळाच्या गोणीवर बसून जेवले. आता दुसऱ्या गावी असतात. तिकडेही मीठ डावीकडेच वाढतात म्हणे."

सुप्रभाताईंनी तोंडाला पदर लावला होता आणि त्यांचे खांदे हलत होते.

चंद्रशेखररावांनी स्वतःचा चष्मा पुसला, परत लावला, फोटोच्या अगदी जवळ गेले आणि बारकाईने पाहिलं. शंकेला आता जागा नव्हती. शंभरात शंभर.

होता. वाढप्याला चष्मा होता.